धोंडीराम हे भावाचं नाव आहे

९ जानेवारी

सकाळीच शेवंतामावशीची नात पूजा मोबाइल घेऊन आली. तोंड उतरलेलं. परवा तिने आजीची ओवी मोबाइलवर घेऊन लोकांना बघायला टाकली होती. मावशी अंगणात तूर पाखडतेय आणि गातेय, एवढंच. आज पाहिलं तर मावशीचं तोंड हलतंय, सूप हलतंय, आवाज नाही. खाली इंग्रजीत सूचना. मी वाचून सांगितली: या गाण्याचे हक्क मुंबईच्या चित्रपट कंपनीकडे आहेत, म्हणून आवाज काढून टाकला आहे.

तोवर मावशीही काठी टेकत आली. "म्हंजे माझा आवाज कुनी नेला?"

"कंपनीने."

"काहून? त्यायच्याकडं आवाजाची काय कमी हाय?"

पूजा हसली. मला हसू आलं नाही. मावशीने साठ वर्षांपूर्वी या गावात केलेली ओवी. आता ती म्हणायला मुंबईची परवानगी.

सोडणार नाही.

१० जानेवारी

जुनी वही काढली. शाळेत शिकवत असताना बायाबापड्यांकडून उतरवून घेतलेल्या ओव्या. पान सापडलं.

हळदीच्या वाफंमंदी डोळं माझं भरू येती
बंधू माझा धोंडीराम बैल सोडून उभा शेती

अशा एकूण अकरा. पानाच्या डोक्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात: "पारंपरिक."

मीच लिहिलं आहे. आमच्याकडे ओवी केलेली बाई कधी "ही माझी" म्हणत नाही. विचारलं तर म्हणणार, जात्यावर बसले, आली. भावाचं, लेकाचं नाव मात्र खरंच घालते. करणारीचं नाव कुठे नाही, भावाचं आहे, अशी रीत. मी बी.ए. झालेली, मराठी विषय, पण रीत मोडू नये म्हणून प्रत्येक पानावर तेच लिहीत गेले. पारंपरिक. पारंपरिक. वही भरून.

तीन वर्षांपूर्वी कंपनीकडून कस्तुरी नावाची मुलगी आली होती. संशोधन करते म्हणाली. दोन दिवस माझ्याकडे जेवली. वांग्याच्या भाजीचं फार कौतुक केलं. जाताना वहीच्या पानांचे फोटो काढले. एका कागदावर सही मागितली, मी चष्मा न लावता केली. मुलांना आयुष्यभर सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नका.

१२ जानेवारी

दिवाळीत चित्रपट लागला तेव्हा नांदेडला जाऊन पाहिला होता. हिंदी गाणं, मुखडा तेवढा मराठी. हळदीची कढई, धूर, पिवळ्या चोळीतल्या पन्नास बाया, मुठीमुठीने हळद उधळतात, आणि वाफेतून उघडा नायक बाहेर येतो. "बंधू" काढून "राजा" घातलंय. बाकी ओळ तशीच. राजा माझा धोंडीराम. नाव ठसक्याचं वाटलं असेल, ठेवून दिलं.

हळद शिजते तेव्हा पावडर नसते. ती पुढे वाळून, घासून, दळून. त्यांना काय.

पण आमच्या लोकांना तरी कळावं? हळद पिकवणारं गाव हे. आता लग्नात नवरीला हळद लावायची सोडून वसमतहून पिवळा रंग आणतात आणि उधळतात. खरी हळद का नाही विचारलं तर म्हणतात, फोटोत तसा रंग येत नाही.

मावशी दिवाळीपासून एकाही लग्नाला गेलेली नाही. गुडघे दुखतात म्हणते. त्याच गुडघ्यांनी रोज शेतात जाते.

२२ जानेवारी

शाळेचं स्नेहसंमेलन. मी प्रमुख पाहुणी. तिसराच नाच तो निघाला. आठवीच्या मुली, ओठ रंगवलेले, एक पोरगी मिशा काढून धोंडीराम झालेली. बाकीच्या तिच्याभोवती कमरा हलवतायत, डोळे मारतायत. पालक शिट्ट्या वाजवतायत.

उठून म्हणाले, बंद करा.

हेडमास्तर कानाशी: "बाई, लेकरांनी महिनाभर प्रॅक्टिस केली."

"मग महिनाभर चुकीचं केलं."

मुलींना जवळ बोलावून मूळ ओवी म्हणून दाखवली. भावाची आहे म्हणून सांगितलं. मिशावाली पोरगी धिटाईने म्हणाली, "पन बाई, ओरिजनल तं पिक्चरमधलं हाय. तुमचं जुनं हाय."

शाल-नारळ टेबलावर ठेवून घरी आले. मागे दोघी रडत होत्या म्हणे. रडू देत.

२३ जाने.

रडायला नको होत्या. त्यांचा काय दोष. मिशावाल्या पोरीचा तर नाहीच.

दोष कुणाचा ते ठाऊक आहे.

३० जानेवारी

युसूफभाई बँडवाल्यांकडे गेले. त्यांच्या वडिलांनी माझ्या लग्नात वाजवलं होतं. माणूस भला. खुर्ची पुसून दिली.

म्हटलं, हे गाणं वाजवायचं सोडा.

"बाई, तुम्ही म्हणता ते बराबर हाय. पन नवरदेव घोड्यावर बसला का पैली फर्माईश हीच. न्हाई वाजवलं तं दुसरी पार्टी आणत्यात. माझी चौदा मानसं हायेत."

"मावशीच्या भावाचं नाव आहे ते."

"मालूम आहे. मेरे अब्बा धोंडीरामला वळखत व्हते." मग म्हणाले, "एक करतो. मावशीच्या दारावरून वरात गेली तं बाजा बंद. मोडपासून मोडपर्यंत."

त्यांनी स्वतःहून देऊ केलं. इतक्या दिवसांत कुणीतरी काहीतरी दिलं. तरी मला पुरलं नाही.

६ फेब्रुवारी

एस.टी.ने हिंगोली. वकील नंदा माझीच विद्यार्थिनी. सातवीत शुद्धलेखनासाठी बाकावर उभी केली होती, तिने आज मला एक तास उभी केल्यासारखंच केलं.

"बाई, पारंपरिक तुम्हीच लिहिलंत. ते त्यांच्या फायद्याचं. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही, ज्याने उचललं त्याचं."

"मग?"

"मावशींनी शपथपत्र द्यावं. ओवी मी केली, अमुक साली, अमुक कारणाने. धोंडीराम माझा सख्खा भाऊ, हे फार महत्त्वाचं. नावामुळे ओवी तिची ठरते. कारण जितकं खरं आणि तपशिलात, तितकं बरं. आधी नोटीस पाठवू."

नोटिशीचा मसुदा मीच केला. "तुमच्या कंपनीने एका बहिणीचा शोक चोरून त्याचा तमाशा केला" असं लिहिलं होतं. नंदाने खोडलं. म्हणाली, बाई, नोटीस आहे, निबंध नाही.

परत येताना बसमध्ये कंडक्टरच्या फोनवर तेच गाणं.

१५ फेब्रुवारी

मावशीच्या शेतावर हळद शिजवणं चालू. आता कढई नाही, ट्रॅक्टरमागे बॉयलर येतो, दिवसात काम उरकतं. मावशी तरी वाफेजवळच बसलेली. शपथपत्राचं सांगितलं.

"मला नाव नको बाई." मला ती अजून बाईच म्हणते, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी असून. "त्यायनी ठेवावं गानं. लोकं नाचत्यात, नाचू दे. तेवढं माझ्या भावाचं नाव काढाय लाव. राजा म्हनत्यात त्याला. माझ्या सख्ख्या भावाला. म्या कोनत्या तोंडानं लग्नाला जाऊ?"

"नाव काढायला लावायचं तरी ओवी तुझी म्हणून सिद्ध करावं लागेल. का केली ते सांगावं लागेल."

का केली ते मला माहीत आहे. एकदाच सांगितलं होतं, माझा नवरा गेला त्या वर्षी, माझ्याजवळ बसून.

धोंडीराम बावीस वर्षांचा. ताप भरला. निरोप आला. इकडे सासरी कढई चढलेली. सासरा म्हणाला, हळद उतरली की जा. चार दिवसांनी हळद उतरली. ती माहेरी पोचली तेव्हा राखही सावडून झाली होती. पुढल्या वर्षी पुन्हा कढईवर उभी राहिली तेव्हा ही ओवी केली. वाफेत सगळ्यांचेच डोळे भरतात. कुणी विचारत नाही.

"ते सांगायचं न्हाई," मावशी म्हणाली. "सासऱ्याला लोकं नावं ठेवतील. मानूस वाईट नव्हता. हळद काळी पडली असती."

साठ वर्षं झाली. अजून सासऱ्याची बाजू घेते!

५ मार्च

कंपनीचं उत्तर आलं. चार पानं इंग्रजी. सोबत माझ्याच वहीच्या पानाचा रंगीत फोटो. "पारंपरिक" या शब्दाभोवती लाल गोल.

मी मुलांच्या वह्यांत असे गोल करत असे.

दिवसभर जेवले नाही.

११ मार्च

कंपनीच्या माणसाचा फोन. नाव अनिकेत. आवाज गोड, मराठी निम्मं. म्हणाला, मॅडम, भांडण कशाला, आम्ही दुसरा भाग करतोय, तुमच्याकडे अजून वह्या आहेत असं कस्तुरी म्हणाली. योग्य मानधन देऊ. नावही देऊ, "विशेष आभार" मध्ये.

म्हटलं, "मूळ ओवी भावाची होती. तुम्ही त्याला याराचं रूप दिलंत."

"मॅडम, भावावर डान्स नंबर कसा चालेल? ऑडियन्सला रोमान्स लागतो."

"तुम्हाला बहीण आहे?"

"हो, का?"

"नाव काय?"

"नेहा."

"तुमच्या नेहाचं नाव घालून मी एक नाचायचं गाणं करते. शब्द माझे राहतील. आमच्याकडे लग्नात रोज वाजवू. दारू प्यालेली पोरं तिच्या नावाने शिट्ट्या मारतील. पाठवू का?"

त्याने फोन ठेवला.

फार दिवसांनी भाकरी चवीची लागली.

१८ मार्च

ते गाणं खरंच केलं. सहा कडवी. चांगलं जमलंय, म्हणजे अगदी ओंगळ जमलंय. वाचून पाहिलं. मग त्या मुलीचा विचार आला, कुठेतरी नोकरीला जात असेल. फाडलं.

कंपनीला फाडता येत नाही म्हणून.

२ एप्रिल

पूजाचं लग्न ठरलं, एकोणीसला. मुलगा हट्टा गावचा. आदल्या दिवशी हळद. तिची आई, म्हणजे मावशीची सून मंदा, सांगायला आली: "बाई, पोरीला त्या गान्यावर एन्ट्री घ्यायची हाय. मैत्रिनी नाच बसवून राहिल्या. तुमी आत्याबाईला समजून सांगा."

पूजाला बोलावलं. "तुला ठाऊक आहे ना धोंडीराम कोण?"

"आजीचा भाऊ. मेलेला. पन बाई, हळदीला सगळ्याच पोरी हेच घेत्यात. मीच न्हाई घेतलं तं सासरचे म्हनतील, हिला काय झालं?"

जी पोरगी आजीचा आवाज गेला म्हणून रडवेली होऊन आली होती, तीच.

मावशी म्हणाली, करू दे, एकुलती एक नात. स्वतः त्या वेळेला देवळात जाऊन बसते म्हणाली.

१८ एप्रिल

जे झालं ते नीट लिहून ठेवते.

संध्याकाळी चारला मांडवात सगळे पिवळे. युसूफभाईंचा बँड; नवरीचीच फर्माईश, त्यांचाही इलाज नव्हता. मावशी देवळात जायला निघाली होती, पण पाहुण्या बायांनी धरून बसवली. आजी पाहिजेच म्हणे, फोटोला. गाणं सुरू झालं. पूजा आली. रंग उडाला. नवऱ्याकडची पोरं ओरडायला लागली, धोंडीराम, धोंडीराम. एकाने मावशीच्या पुढे येऊन कंबर हलवली. "आजी, तुमचा राजा कुठाय?"

मावशीने पदर तोंडावर घेतला.

मी गेले आणि बँडवाल्याच्या हातातला माइक घेतला. युसूफभाईंनी हात वर केला, वाजंत्री थांबली. मी सगळं सांगितलं. ताप. निरोप. कढई. सासऱ्याचं नावही घेतलं. चार दिवस. राख. वाफेत का रडायची तेही. शाळेत शिकवत असे तसं, खणखणीत. शेवटी म्हटलं, "आता नाचा."

कुणी हललं नाही. तो कंबर हलवणारा पोरगा खाली बघत होता. पूजा मटकन बसली. दोन-तीन बाया हुंदके द्यायला लागल्या. युसूफभाईंनी टोपी काढली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? अंगातून थंडगार पाणी गेल्यासारखं बरं वाटलं.

मग मावशीकडे पाहिलं. पदर खाली आला होता. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी त्या कढईपाशी उभा असलेला सासरा आहे.

१९ एप्रिल

लग्न लागलं. मावशी माझ्याशी बोलली नाही. मंदा म्हणाली, "सासऱ्याचं नाव घ्यायचं काय कारन होतं? आमचं घर हाय ते."

बरोबर आहे तिचं.

२६ एप्रिल

कुणीतरी माझं ते बोलणं मोबाइलवर घेतलं होतं. गावोगाव फिरतंय. लाखो लोकांनी पाहिलं म्हणे. खाली लोक रडकी चित्रं टाकतात. त्याला मागून वाजतंय काय? तेच गाणं. सावकाश केलेलं, बासरी लावून. पूजाने सासरहून फोन करून सांगितलं. तिच्या आवाजात लाज होती की अभिमान, कळलं नाही.

नंदाचा फोन: "बाई, आता मांडवभर साक्षीदार झाले. शपथपत्र टाइप करते. चौथ्या परिच्छेदात तापाची हकीकत घालते."

३ मे

अनिकेतचा फोन. नेहाबद्दल शब्द नाही. भारावलेला आवाज.

"मॅडम, धोंडीरामची स्टोरी कमाल आहे. दुसऱ्या भागात आम्ही तीच घेतोय. बहीण, कढई, वाफ. लोक ढसाढसा रडतील. स्टोरी कुणाच्या नावावर आहे? की तीही पारंपरिकच?"

फोन ठेवून दिला.

जे साठ वर्षं तिने पदरात बांधून ठेवलं ते मी माइकवरून त्यांच्या ओंजळीत टाकलं.

४ मे

नंदा म्हणते घाई करा. हकीकत शपथेवर मावशीच्या नावाने नोंदली गेली तर अडवता येईल. नाही तर ते म्हणणार, गावात सांगतात ती गोष्ट, कुणीही घ्यावी.

मावशीच्या दारात दोनदा गेले. दोन्ही वेळा मंदा म्हणाली, झोपल्यात. आतून बांगड्या वाजत होत्या.

८ मे

आज मावशी स्वतः आली. एकटी, उन्हात. पाणी दिलं, घेतलं. म्हणाली, "तो कागद वाच."

वाचला. पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा मान डोलवत ऐकले. ओवी माझी, मी केली, हे ऐकताना हसलीसुद्धा. "अस्सं लिवत्यात व्हय." चौथा सुरू केला. पहिल्या वाक्यालाच हात वर केला.

"हे तुला सांगितलं व्हतं. कागदाला न्हाई."

मी समजावलं. हे नसेल तर दावा लंगडा. हे नसेल तर कंपनी पुढच्या दिवाळीला तुझ्या भावाचा ताप, त्याची राख, सगळं दाखवील आणि खाली लिहील पारंपरिक. हे असेल तर त्यांना भर कोर्टात ओढते. नाक घासायला लावते. तो अनिकेत या दारात येऊन तुझी माफी मागेल, बघ.

"तुला लई राग आलाय," मावशी म्हणाली. समजूत घातल्यासारखी.

"तुला नाही?"

"मला त्याचं नाव पायजे. मागं." मग म्हणाली, "तू मास्तरीन. तुला लिवता येतं, खोडताबी येतं. चौथं काढ, म्या अंगठा देते. ठेवायचं तं ठेव, तरी देते. तुझ्याशी भांडून आता किती दिवस बसू? पन मग ते तुझं झालं. माझं न्हाई."

शाईचा डबा पुढे ओढला आणि कोऱ्या जागेवर अंगठा उठवला. फुंकर घालून वाळवला. काठी घेऊन निघून गेली.

९ मे

कागद टेबलावर आहे. अंगठा छान उठलाय, रेघ न् रेघ दिसते.

सकाळपासून चौथा परिच्छेद सात-आठ वेळा वाचला. नंदाने चांगला लिहिलाय, शुद्धलेखनाची एक चूक नाही. यातला शब्द न् शब्द खरा आहे. यानेच त्यांना लोळवता येईल.

खोडायला पेन हातात घेतलं, ठेवलं. पुन्हा घेतलं.

हिंगोलीची गाडी साडेदहाला. नंदाला येते म्हणून कळवलं आहे. दहा वाजून गेले, पातळ बदललं, पिशवी भरली. कागद अजून पिशवीत घातलेला नाही.